कुठे चालली, विचारू नये

बिरसी, ता. गोंदिया
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

भागीरथाबाईले देवकाचा नमस्कार.

रुख्माच्या नातवाच्या बारशाले मी आली तर तू अर्धा कप चहा तसाच ठेवून उठली, हे शोभलं का तुले? मोठी बहीण ना तू माझी? चार बाया पाहत होत्या. वरून दारात म्हणाली, "विलायतवाली आली, तिले खुर्ची द्या, आम्ही चटईवाले निघतो." मी ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. फोन लावतो तर तू उचलत नाही, तुझा खेमराज उचलते आणि म्हणते आई देवळात गेली. जून महिन्यापासून तू देवळातच आहेस का वो? पुजाऱ्यानं तरी घरी हाकललं असतं.

म्हणून लिहून राहिली. तिसरी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, चुका काढत बसू नको. तू चौथी पास आहेस म्हणून काही कलेक्टर झाली नाही. आणि पत्र स्वतः वाच. खेमराजले वाचाले देऊ नको, तो आपल्या सोयीचं वाचते.

इकडे सगळं बरं आहे. धानाची रोवणी झाली, पाणी वेळेवर आलं. माझी चहाची टपरी चालू आहे. विमानाच्या शाळेतले पोरं सकाळी येतात, सुट्टीवरून येताना आपल्या गावची पत्ती आणतात. आता फळीवर आसामचा डब्बा आहे, निलगिरीचा आहे, दार्जिलिंगचा आहे, काश्मिरी एक आहे त्यात केशर टाकतात. अंगणातला गवती चहा आहेच. दार्जिलिंगमध्ये कोणी दूध मागितलं तर मी त्याले शेजारच्या टपरीवर पाठवतो. तू हसशील. तुझा चहा म्हणजे काढा. पत्तीचा जीव जाईपर्यंत उकळते तू.

त्याच पोरांनी मले मोबाइलवर जुने सिनेमे लावाले शिकवले. दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा मी पाहतो. रंगीत नाही पाहत. काळे-पांढरेच. त्यातले माणसं थांबून बोलतात, दुसऱ्याचं ऐकून घेतात. आता असे माणसं सिनेमातही नाहीत अन् घरातही नाहीत.

आणि बाई, तो सापडला. सौंदडच्या मंडईतला.

आठवते ना? दिवाळीनंतरची मंडई, त्या जत्रेत बाबांनी दंडारीचं नाटक पाहाले नेलं आणि आपण दोघी कनातीखालून सिनेमाच्या तंबूत घुसलो. ती बाई नवऱ्याले शोधत परदेशात जाते, दगडी पुलावर एकटी उभी राहते, खाली नदी, सगळीकडे धुकं. आणि तिथंच रीळ तुटलं. तंबूवाल्यानं लोकांले हाकललं. तू म्हणाली तिनं जीव दिला. मी म्हटलं कायले देईल, पूल उतरून गेली असेल, कुठं तरी चहा पेली असेल. त्याच्यावरून तू माझी वेणी ओढली होती. पन्नास वर्षं झाले, अजून तू तेच म्हणतेस.

आता मी तो पुरा पाहिला आहे. शेवट मले माहीत आहे. पत्रात लिहिणार नाही. तडफड थोडी.

आता मागच्या वर्षाचं. ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नागपूरच्या टूरवाल्याकडे माझं नाव होतं. बॅग भरली, दारात ऑटो उभा, गोंदियाहून गाडी पकडायची होती. मी उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकला आणि तू मागून विचारलं, "कुठे चालली वो देवका?"

जशी काही तुले माहीतच नव्हतं. आठ दिवसांपासून माझ्या घरी राहून माझेच लाडू बांधून देत होती.

निघत्या माणसाले 'कुठे' विचारू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालेही ठाऊक असते. विचारलं की परत फिरा, बसा, पाणी प्या, मंग निघा. मी फिरली. बसली. तू पाणी आणलं, गूळ आणला, मंग म्हणाली दोन घोट चहा घेऊन जा. आणि चुलीवर तो चहा उकळू दिला, उकळू दिला. गाडी गेली. नागपूरचं विमान गेलं. माझी टूर माझ्याशिवाय गेली. मी ओसरीवर तुझा काढा पीत बसली होती.

मी तेव्हा तुले जे बोलली ते बोलली. परत घेत नाही.

म्हणून या वर्षी मी कोणाले सांगितलं नाही. मे महिन्यात टपरीले कुलूप लावलं, पहाटे एकटी निघाली. दारात कोणी नव्हतं, कोणी विचारलं नाही. तू बाजारात सांगितलं ना, देवका पळाली म्हणून? पळाली तर पळाली. पण कुठं पळाली ते ऐक आता.

व्हिएन्ना पाहिलं. बुडापेस्ट पाहिलं, तिथं रात्री नदीकाठचे सगळे वाडे दिव्यांनी पिवळे दिसतात. व्हिएन्नात चहा मागितला तर कपात कोमट पाणी आणि धागा बांधलेली पिशवी आणून ठेवली, जसा कोणाचा ताईत. मी परत पाठवला. आमच्या खोलीत रायपूरची दुर्गेश्वरी होती, रिटायर मास्तरीण. ती म्हणाली, "दीदी, झगड़ा मत करो, पी लो." मी म्हटलं तू पी. मी बॅगेतून माझी पत्ती काढली, गरम पाणी मागवलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीत टूरमधल्या बायांची लाइन.

मंग प्राग. बाई, तो पूल तिथं आहे.

तोच का, हे मी छातीवर हात ठेवून सांगत नाही. सिनेमावाले कुठं काय बांधतात देव जाणे. पण दगडी आहे, दोन्हीकडे साधू-संतांच्या मूर्ती आहेत, खाली नदी आहे, आणि आम्ही सकाळी गेलो तेव्हा धुकं होतं. मी ठरवलं, हाच. मी बरोबर मधात जाऊन उभी राहिली. पायात बूट, अंगात यांचा तो करडा स्वेटर, वरून पदर. एक गोरी मेम माझा फोटो काढून घेऊन गेली. काढू दे.

पूल उतरली तर एका गल्लीत दुकान. कॉफीचं नाही, खास चहाचं. जोडे काढून आत जायचं आणि खाली गादीवर बसायचं, आपल्यासारखं. दाढीवाला पोरगा कार्ड घेऊन आला. मी कार्ड बाजूले ठेवलं आणि हातानं सांगितलं, डब्बे आण. त्यानं आणले. मी एकेकाले नाक लावलं. एका डब्ब्यावर थांबली, म्हटलं हा दार्जिलिंग. तो नेपाळचा निघाला. शेजारीच आहे, चालते. त्यानं काचेच्या किटलीत केला, न उकळता, वरून झाकण ठेवून. मी दोन बोटं दाखवून दोन कप मागितले. त्यानं दोन ठेवले आणि कोणी येते का म्हणून दाराकडे पाहत राहिला. एकदोनदा मीही पाहिलं.

असो. चहा चांगला होता.

त्याच्यात किती वेळ गेला कळलं नाही. बाहेर आली तर आपली मंडळी गायब. फोन बंद. भाषा येत नाही. एक मिनिट मी घाबरली, खोटं कायले बोलू. मंग गळ्यातलं हॉटेलचं कार्ड काढलं, एका म्हातारीले दाखवलं. तिनं मले हाताले धरून ट्राममध्ये बसवलं, किती थांब्यांनंतर उतरायचं ते बोटांवर सांगितलं. मी बोटं मिटत मिटत गेली आणि बरोबर उतरली. बाई, मी. गोंदियात पहिल्यांदा रिक्षात बसली तर रडली होती ती मी. हॉटेलच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि वाट पाहू लागली, कारण बाकीचे सगळे अजून मलेच शोधून राहिले होते.

टूरवाला वीरेंद्र आला. तिशीतला माणूस, घामाघूम, तोंड पांढरं. ओरडला, "काकू, कुठे गेल्या होत्या तुम्ही?"

मी म्हटलं, "आल्यावर विचारलं तर चालते, बाबू."

सगळे हसले. तो नाही हसला. खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते पाहून माझं हसणं गेलं. तसं तोंड मी आधी एकदा पाहिलं होतं. तुझं.

आता जे लिहितो ते मी तुले तोंडानं कधी म्हटलं नसतं. आमच्या यांचं नावही मी कधी घेत नाही, आज लिहितो. सेवकराम. त्या दिवशी सेवकरामनं मोटरसायकल काढली. तू माझ्या ओसरीवर भाजी निवडत बसली होती. तुले त्यांले विचारायचं होतं, मी चुलीपासून पाहिलं. तुनं तोंड उघडलं आणि मिटलं. निघत्या माणसाले विचारू नये म्हणून. सांजेले लोक त्यांले चादरीत घेऊन आले.

तेव्हापासून तू सगळ्यांले विचारते. खेमराज कामावर निघते, तू विचारते, तो चिडते. रुख्माची सून माहेरी निघाली, तिलेही विचारलं. लोकांले वाटते म्हातारीचं डोकं फिरलं. मलेही वाटलं होतं तुले माझं बरं पाहवत नाही. प्रागच्या त्या सोफ्यावर मले समजलं की तू मले अडवत नव्हती. तू त्यांले अडवत होती.

बाई, ऐक. तुझ्या न विचारण्यानं ते गेले नाहीत. ट्रक होता तो. आणि मले कोणी विचारलं नाही तरी मी गेली, समुद्रापार गेली, हरवली आणि परत आली. हातपाय धड, वजन वाढलेलं. टपरी उघडली. हे पाहूनही तुले पटत नसेल तर एकच उपाय आहे, तू सोबत चल. दोघी एकाच वेळी उंबरा ओलांडू. मागे दारात विचारणारं कोणी उरणारच नाही.

एप्रिलची टूर आहे. आधी पॅरिस, मंग प्राग. मी दोन नावं सांगून ठेवली आहेत. पैशाचं मले विचारू नको, ते माझं मी पाहतो. त्या पुलावर माझ्यासोबत उभी राहा, मंग सांगतो त्या बाईचं काय झालं. गुडघे दुखतात म्हणशील, तर तिथं सगळ्यांचे दुखतात, दुर्गेश्वरी तर काठी घेऊन चढली. खेमराज म्हणेल या वयात कायले. त्याले सांग, या वयातच. आधीच्या वयात त्याले वाढवत होती.

पासपोर्टले वेळ लागते, म्हणून घोळ घालू नको. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मारबत. मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेईपर्यंत मी थांबतो. त्या सांजेपर्यंत तुझा फोन आला पाहिजे. खेमराजचा नाही, तुझा. 'पाहू' चालणार नाही, 'विचार करतो' चालणार नाही. हो म्हण नाहीतर नाही म्हण. नाही म्हणशील तर मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गोरेगावले येऊन तुझ्या ओसरीवर बसतो आणि तुझाच चहा पीत राहतो, हो म्हणेपर्यंत.

तुझी, गेलेली आणि आलेली,
देवका