मोहफाट्याचं गोल चक्कर

मोहफाटा,
ता. ९ डिसेंबर १९८१

सौ. धुरपतास,

आशीर्वाद लिहिला तर तुला राग येईल, नमस्कार लिहिला तर तुझे बाबा तो ओसरीत मोठ्याने वाचून दाखवतील. म्हणून दोन्ही सोडून लिहायला घेतो. मी बरा आहे. आईंचे गुडघे कसे आहेत? आसगावात धान निघालं असेल. इकडे थंडी पडली आहे. स्वेटर ट्रंकेत सगळ्यात वर ठेवला होतास, तो मिळाला.

जेवण खुशालच्या हॉटेलात होतं. ज्या हॉटेलावरून आपलं बिनसलं, तिथेच मी दोन्ही वेळा जेवतो, पण फाट्यावर दुसरीकडे मिळतं काय? तुझा भाऊ वरण मागायच्या आत वाढतो आणि एक शब्द बोलत नाही.

फाट्याच्या कामाबद्दल लिहितो. इथली दशा तू रोज पाहिली आहेस. हायवेवरचे ट्रक, पवनीकडून येणारी एसटी आणि हंगामात टेकचंदशेठच्या राईस मिलला निघालेल्या धानाच्या बैलबंड्या एकाच जागी येतात आणि एकमेकांचं तोंड पाहत उभ्या राहतात. तू गेल्यावर एक वरात अशीच अडकली. मुहूर्त टळून गेला, तेव्हा नवरदेव घोड्यावरून उतरून खुशालकडे आलूबोंडा खात बसला होता.

माझा नकाशा साहेबांना आवडला. मध्ये मोठं गोल चक्कर, सगळ्यांनी डावीकडून जायचं आणि आपापल्या रस्त्याला लागायचं. पण बांधण्याआधी एक दिवस नुसते ड्रम ठेवून करून दाखवा, असं ते म्हणाले.

त्याआधी गावाची सभा घ्यावी लागली. सरपंच यादोरावांना चक्करच्या मधोमध पुतळा हवा. कुणाचा, विचारलं तर म्हणाले, ते मागाहून ठरवू, आधी ओटा बांधा. टेकचंदशेठना चक्करचं तोंड थेट मिलच्या फाटकात उघडायला हवं. शेवटी खुशाल उभा राहिला. मला वाटलं, आता हॉटेलाचं काढणार. तो म्हणाला, "भाऊजी, गाड्या अडतेत म्हणून माणूस उतरून चहा पिते. तुमी तं गाड्या पळवाले निघाले." त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

शुक्रवारी सकाळी डांबराचे रिकामे ड्रम गोल मांडले, चुन्याच्या रेघा ओढल्या. सुरुवातीला इतकं सुरळीत चाललं की साहेबांनी खुर्ची मागवली. मग बंड्या आल्या. पहिला बंडीवाला चक्करमध्ये शिरला, पण बाहेर कुठे पडायचं ते त्याला उमगेना. तो फिरत राहिला. मागचे त्याच्या मागे. थोड्या वेळाने पहिल्या बंडीचे बैल शेवटच्या बंडीला गाठून तिच्यातलं तणस खाऊ लागले, आणि खाणं सोडून पुढे जायला तयार होईनात. आत कुणाला शिरता येईना, आतल्यांना निघता येईना. दोन्ही बाजूंना ट्रक, आणि पवनीची एसटी थेट तोंडाशी येऊन रुतल्यासारखी उभी.

मी एका ड्रमवर चढलो. हातात भोंगा होता. ती एसटी हटली तरच बंड्यांना वाट होणार होती. म्हणून हात हलवून मी तिला मागे फिरवली, सरळ पवनीला परत पाठवली. जागा झाली, बंड्या निघाल्या. साहेबांनी सर्वांदेखत पाठ थोपटली.

एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. चार दिवस लिहायचं टाळलंच आहे.

त्या संध्याकाळी खुशालने समोर चहा ठेवला आणि सभेनंतर पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हणाला, "भाऊजी, त्या गाडीत ताई होती. खिडकीपाशी. तुमी तिच्याकडे पाहूनच हात हलवला."

धुरपता, माझा चष्मा चुन्याने भरला होता. मला फक्त एक लाल गाडी दिसत होती. मी एसटी परत पाठवली, तुला नाही. तू एवढ्या दिवसांनी घरी यायला निघालीस आणि तुझ्याच नवऱ्याने भोंग्यावर ओरडून तुला हाकललं, असं तुला वाटत असेल, ह्या विचाराने अन्न जात नाही.

एक गोष्ट मात्र खोटी लिहून तुला बोलावणार नाही. खुशालचं हॉटेल चक्करच्या रेघेत येतं, ते हलवावं लागणारच. चक्कर दुसरीकडे सरकवून पाहिलं, तर ट्रक शाळेच्या फाटकाला घासून जातात. नाइलाज आहे.

घरात हल्ली कशाचीच अडचण होत नाही. ते बरं वाटत नाही.

तुझा,
ज्याला त्या दिवशी काही दिसलं नाही, तो
मधुकर


आसगाव,
ता. १४ डिसेंबर १९८१

श्री. मधुकरराव यायले धुरपताचा नमस्कार.

पत्र बाबाच्या हाती गेलं नाही. पोस्टमन दिसला तशी मीच धावली. आईचे गुडघे तसेच आहेत.

पहिली गोष्ट, मी परत येऊन राहिली नव्हती. फाट्यावर शुक्रवारी काहीतरी गंमत आहे असं खुशालनं कळवलं होतं. ते पाहाले निघाली होती. पाहून दुसऱ्या गाडीनं वापस जाणार होती. तुमी फुकट उपाशी राहिले.

पाहाले मात्र पुरं भेटलं. तुमी ड्रमवर उभे, तोंड चुन्यानं पांढरंफटक, आन बैल तणस खाऊन राहिले तं तुमी त्यायले भोंग्यातून "डावीकडून, डावीकडून" सांगून राहिले. मले एवढं हसू आलं का पदर तोंडात कोंबला. बाजूची म्हातारी म्हणे, "हा साहेब ज्या बाईचा घरवाला असन, तिचं कसं होत असन, माय?"

मी म्हटलं, "चांगलं होते."

तोंडातून निघून गेलं. मग पवनी येईपर्यंत खिडकीतून बाहेर पाहत बसली.

दुसरी गोष्ट. हॉटेल हलन हे मले तुमच्या आधीपासून माहीत होतं. हायवेच्या अंगावर चूल मांडून माणूस किती दिवस बसन? मी हॉटेलासाठी घर सोडलं नाही. तुमी ते जेवून हात धुता धुता सांगितलं, जसं भाजीत मीठ कमी आहे सांगतात तसं. दुकान माझ्या भावाचं होतं. नकाशावर रेघ मारायच्या आधी मले एकदा विचारलं असतं, तं मीच त्याले समजावलं असतं. हे मले तवाच बोलता नाही आलं, म्हणून हॉटेल हॉटेल करत भांडली.

आता पवनीच्या गाड्या जिथं थांबतीन तिथं खुशालले जागा द्या. थांबलेल्या गाडीतून उतरूनच लोक चहा पितेत. पण हे त्याले तुमी सांगू नका. तुमी सांगितलं तं तो आईकडे रडत येईन. मी सांगीन.

यादोराव काकाले म्हणा, पुतळा राहू द्या, बायांले उभं राहाले सावली करा.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. घ्यायले या, असं मी म्हणत नाही. गाडी मोकळी असते, उतरता येते मले. पण बाबानं नव्या तांदळाची थैली बांधून देल्ली आहे आन ती लय जड आहे.

तुमची,
धुरपता