ताशी साठचा आदेश

आदरणीय भावोजी,

साष्टांग नमस्कार. (पुलाखालच्या फळीवर पालथा पडून लिहितोय, तेव्हा नमस्कार खरोखरच साष्टांग आहे.) तुमची कंबर कशी आहे? ताई रोज शेक देते म्हणे. आमच्या पुलाचे नटबोल्ट सैल झालेत, त्यांना शेक देऊन भागत नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही रेल्वेचे मोठे साहेब, मी पुलांची कंपनं मोजणारा साधा तंत्रज्ञ, त्यात बायकोचा धाकटा भाऊ; म्हणजे माझं न ऐकायला तुमच्याकडे दोन भक्कम कारणं. तरी ऐका. गेल्या महिन्यात पूल कुरकुरतो अशी तक्रार झाली आणि तुम्ही पाच जणांची समिती पाठवलीत. समिती स्वतः पुलावर उभी राहणार म्हटल्यावर गाडी ताशी वीसने न्यायची असं ठरलं (जीव कुणाला नको असतो). माझ्या यंत्राची रेघ सरळच्या सरळ आली. पूल निर्दोष ठरला आणि समिती जेवायला गेली. मग खबरदारी म्हणून तुम्ही शंभरने जाणाऱ्या गाड्या साठवर आणल्यात आणि पेपरात फोटोही छापून आणलात. फोटो छान आलाय.

पण भावोजी, शंभरला नुसता कुरकुरणारा हा पूल साठला थयथयाट करतो. त्या वेगाला एकामागून एक डब्यांची चाकं नेमकी पुलाच्या स्वतःच्या लयीत धक्के देतात आणि झोक्यासारखा डब्यागणिक हेलकावा वाढत जातो. इथल्या चौकीदारकाकांचा चहाचा कप पूर्वी ठेवल्या जागी असायचा. आता गाडी आली की टेबलाच्या कडेपर्यंत चालत जातो. काकांनी गाडीच्या वेळी कप हातातच धरायचा नियम केलाय. तुमच्यापेक्षा काका बरे, निदान त्यांनी नियम बदलला.

मी तीन अहवाल पाठवले. पहिल्यावर शेरा आला, 'वेग कमी केल्यावर कंपन वाढेलच कसं?' दुसऱ्यावर, 'यंत्र बदला.' बदललं, नव्याची रेघ जुन्याहून उंच गेली. तिसऱ्यावर, 'तंत्रज्ञ बदला.' हे अक्षर तुमचं होतं, त्याचं मला वाईट वाटलं. सकाळी आवळलेले नट संध्याकाळी परत सैल होतात, आणि कालपासून एका जोडपट्टीला केसाएवढी चीर दिसतेय. एकेका गाडीत आठशे माणसं असतात. मला भीती वाटते.

बाकी सगळं ठीक. भाचीला आशीर्वाद.

तुमचा (अजून बदली न झालेला)
मेहुणा

ता. क. – आदेश मागे घेतला तर चूक कबूल केल्यासारखं दिसेल, ही तुमची अडचण मला कळते. म्हणून नवा आदेश मीच लिहून सोबत जोडलाय: 'साठचा आदेश कमालीचा यशस्वी झाल्याने आता वेग वीसवर आणण्यात येत आहे.' तुम्ही फक्त सही करा.

आणखी एक ता. क. – सोमवारी तुम्ही पाहणीला येताय आणि तुमचा खास डबा गाडीच्या अगदी शेवटी जोडणार आहेत, असं कळलं. हेलकावा सगळ्यात जास्त शेवटच्या डब्याखाली असतो. सही झाली नाही, तर गाडी अर्थातच तुमच्या आदेशाप्रमाणे साठने येईल. ताईला सोबत आणू नका.