दादाला विचारायचं राहिलं

३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपला बाळ, तुझा दादा, काल त्रेपन्न वर्षांचा झाला. डाउन सिंड्रोम आहे, पंचविशी गाठली तरी खूप, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. त्या डॉक्टरांना हा केस पिकलेला बाळ दाखवायला हवा होता! अजून रोज लाँड्रीत जातो, हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालतो. कोपऱ्याला कोपरा जुळला नाही तर पुन्हा उलगडतो. मालकीणबाई म्हणाल्या, जरा भरभर हात चालव. हा म्हणाला, मग तुम्हीच करा.

पण परवा घरी येताना दोनदा रस्ता चुकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात अशांची आठवण लवकर उतरणीला लागू शकते. तरी आधी थायरॉइड आणि कान तपासू, उगाच घाबरू नका. मी घाबरलेच. मी एकोणसत्तरची, माझ्यामागं याचं काय? लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर त्याच्याबरोबर काम करणारे चौघे राहतात, सोबतीला चोवीस तास एक बाई असते. एक खाट रिकामी आहे म्हणे. मी फटकन नाही म्हटलं. सख्खा भाऊ परक्यांच्या हवाली करायचा?

माझं म्हणशील तर मी ठणठणीत. घरात सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दादाला माझ्याकडे पाठव, विषयच संपला. खालची खोली रिकामी केली आहे. शिलाई मशीन हॉलमध्ये आलं, त्यावरून यांची दोन दिवस कुरकुर चालू होती. मग स्वतःच बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. वाकडा बसलाय, पण पक्का आहे. दादानं आयुष्यभर उभं राहून काम केलं, आता जरा आरामात बसू दे. महिनाअखेर गाडी घेऊन येते.

तू एकटीनं किती ओढणार? रागावू नकोस आणि नाही म्हणू नकोस.

तुझी धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणतेस तसंच करू. बाळचं थायरॉइड कमी निघालं, गोळी सुरू झाली. कानातला मळ काढल्यावर माझं बोलणं पहिल्या हाकेत ऐकू येतं. आता न ऐकल्याचं सोंग करता येत नाही, म्हणून साहेब खट्टू आहेत.

सवय व्हावी म्हणून आठवडाभर त्याला लाँड्रीत पाठवलं नाही. खिडकीशी बसून असतो. घरातल्या दोन चादरी दिवसातून चारदा उलगडतो आणि घड्या घालतो. जेवण कमी झालंय. तुझ्याकडे यायचं आहे हे अजून सांगितलं नाही. गाडीत बसताना सांगू, नाहीतर रुसून बसेल. त्याच्या भल्याचंच करतोय ना आपण? मला नीट झोप नाही बघ.

उत्तर लवकर टाक. मी वाट पाहतेय.

ताई

२५ मार्च

छोटीस,
आशीर्वाद. मी मोठा आहे म्हणून.

मी सांगतो आणि मालकीणबाई लिहितात. ताईला वाटतं मी कोपऱ्यावर केस कापायला गेलोय. मी लाँड्रीत आहे.

तुझं पत्र टेबलावर होतं. मी हळू वाचतो, पण वाचतो. तुझी खोली चांगली आहे. मला नको. मला कोणी विचारलं नाही. माझं काम इथे आहे. माझ्याबरोबर घड्या घालणारा चष्मेवाला इथे आहे, तो माझा मित्र आहे, तीस वर्षं. वरची खिडकीजवळची खाट मी बघितली. झोपून बघितली. मी रस्ता चुकतो, पण तिथून कामाला यायला फक्त जिना आहे.

मला आराम नको. आठवडाभर केला. वाईट असतो.

ती खोली ताईला दे. ताई जिना बसून उतरते. एकेक पायरी. मी बघितलं की म्हणते चप्पल शोधतेय. मला कळतं. मी घरात आहे म्हणून ती कुठे जात नाही. डॉक्टरकडे मला नेते, स्वतः जात नाही. मला सगळे सांभाळतात. तिला कोणी नाही.

गाडी आण. पण ताईला ने. मी सामान खाली आणून देईन.

मी वर राहायला गेलो की ती रडेल. तेव्हा तू तिच्याजवळ बस. मी जवळ असलो की ती रडत नाही.

तुझा
दादा