मोडलेला हात अन् दसऱ्याचं सोनं

२९ सप्टेंबर
तोंड बंद ठेवा म्हणे! आज वाशीमले चुलतदीर हरीओमच्या जामिनाची तारीख. शेताच्या बांधाच्या, धुऱ्याच्या भांडणात त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं माझा हात मोडला. अन् म्हणते काय, तर रूपाली वहिनी धुऱ्यावरून पडली! पाहणारं कोणी नाई. म्हणून मी यूट्यूबवाल्याले सगळं सांगतलं होतं. तो व्हिडिओ पाहून जजबाई चिडल्या. निकाल लागेपर्यंत दोन्हीकडच्यांनी बाहेर एक शब्द बोलायचा नाई.
मार बी मीच खायचा अन् चूप बी मीच बसायचं?
येताना एसटीत वाटलं, जजबाई चुकीचं नाई बोलली. उद्या कोणी साक्षीदार भेटला, तर व्हिडिओ पाहूनच बोलते म्हणतीन.

३० सप्टेंबर
चूप आहो. जीव जळून राह्यला.

२ ऑक्टोबर, दसरा
गोजराकाकू सोनं घेऊन आली. हरीओमची माय, माझी चुलतसासू. मोठी असून माझ्या दारी! आपट्याची पानं परत कशी करू? घेतली, मी पाया बी पडली. हाताचा विषय निघाला नाई.

५ ऑक्टोबर
कोणीतरी फोटो काढला! गावाच्या ग्रुपवर — मी वाकलेली, काकूचा हात डोक्यावर. अख्खी मेडशी म्हणते, "रूपालीनं मिटवलं!" मिटलं नाई, हे सांगू कोणाले? बोलायची बंदी. हे बी ओरडले, "काहून घेतलं सोनं?" म्हटलं, तुमी हाकललं असतं का काकूले?

७ ऑक्टोबर
पुन्हा जामिनाची तारीख. फोटो कोर्टात. त्यांचा वकील म्हणे, समेट झाला. जजबाईनं मलेच विचारलं, तुमचं म्हणणं काय? म्हटलं, "सोनं सणाचं घेतलं. हाताबद्दल माझी अजून कोणी माफी मागतली नाई."
बाहेर सरकारी वकील म्हणाले, "ताई, तुमचं ऐकतात, पण ठरवतात त्याच." आधी राग आला. मग वाटलं, बरंच आहे. माझ्या एका शब्दावर तो आत राहत असन, तर उद्या घरचे माझ्याकडूनच त्याले सोडवायचा शब्द काढून घेतीन. पण मले कोणीतरी विचारलं तरी! लय हलकं वाटलं.

९ ऑक्टोबर
गोजराकाकू ठाण्यात गेली. जबाब देला — "मी तुरीत निंदत होती. पोरानं मारलं, मी पाह्यलं."
घरात तिच्याशी कोणी बोलून नाई राह्यलं म्हणे. मले जाऊन तिच्याजवळ बसावं वाटते. पण ती आता माझी साक्षीदार. जाता येत नाई.