हॉलच्या दाराची नोंद

प्रिय फादरमामा,

१. रविवारच्या मिस्सेत प्रवचन देताना तुम्ही म्हणालात, परका दारात आला तर तो ख्रिस्तच समजा.
२. सोमवारी चर्चच्या हॉलमध्ये कागदपत्रं नसलेली नऊ माणसं आसऱ्याला आली.
३. गुरुवारी सकाळी पोलिसांनी त्यांना नेलं. कुलूप तुटलेलं नव्हतं.

ते कार्डाचं कुलूप मीच बसवलंय. आई थट्टेने म्हणते, "भाऊ देवाचा, लेक कुलपांची!" दार कोणी कधी उघडलं याची नोंद त्यात राहते, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. गुरुवारी सकाळी ६:४२ला दार तुमच्या कार्डाने उघडलं. ते कार्ड तुम्ही क्रुसाबरोबर गळ्यात घालता. नोंद मी चार वेळा तपासली. घड्याळ बरोबर आहे.

चर्चच्या समितीला मी खोटं सांगितलं, की नोंद मिळत नाही. आता सगळे हॉलची राखण करणाऱ्या आपल्या शिपाईकाकांवर घसरलेत. "तोही बाहेरचाच ना! स्वतःचे कागद वाचवायला त्यानेच दार उघडलं असणार." हे तुमच्यासमोर बोलले आणि तुम्ही चष्मा पुसत राहिलात. रविवारी काकांना बायकोसकट चर्चने दिलेली खोली सोडायला सांगणार आहेत.

तुम्हाला कोणी धमकावलं असेल, तर तसं सांगा. मी ऐकून घेईन. पण काकांना जाऊ देणार नाही. समितीपुढे नोंद ठेवेन.

हे पत्र दोनदा तुमच्या दारापर्यंत नेलं आणि परत आणलं.

शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्या.

तुमची भाची