राणीसाहेबांचा पहारा

तीर्थस्वरूप भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद बसल्या जागेवरूनच द्यावा. नव्या गुडघ्यावर वाकून मला उठवायला यावं, एवढं माझं पुण्य नाही.)

गुडघा कसा आहे? लेकीच्या घराला जिना नाही हे ऐकून बरं वाटलं. जावईबापू फार शांत आहेत असं तुम्ही कळवलंत. ते मुळातच शांत आहेत की तुम्ही त्यांना कंदांविषयी सांगायला लागल्यापासून झाले, एवढं मात्र कळवलं नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता ना? ताई म्हणते, करत नसणार. मी म्हटलं, पुराव्याशिवाय असं बोलू नये. ती म्हणाली, एवढी वर्षं संसार केला, आणखी कसला पुरावा आणू? बाकी ताई खुशाल आहे. जरा जास्तच खुशाल आहे, आणि या पत्राचा विषय साधारण तोच आहे.

आता तुम्हाला ठाऊक असलेलीच हकिकत आधी तुम्हालाच सांगतो. रागावू नका; आरोपपत्राला पार्श्वभूमी लागते. तुम्ही आणि शेजारचे ओव्हरसियर एका कचेरीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसत होता आणि एकमेकांच्या डब्यातली भाजी न विचारता खात होता, त्या सुवर्णयुगात एका म्हाताऱ्या माळ्याने तुम्हा दोघांना एकेक रानकंद दिला. ज्या टेकडीवरून त्याने ते खणून आणले, तिची पुढे खडी झाली. माळीबुवाही गेले. राहिले दोन कंद, दोन गच्च्या आणि मध्ये छातीएवढी भिंत. पुढे फुलं आली. तुमचं पांढरं, त्यावर जांभळ्या रेघा. त्यांचं किंचित गुलाबी. तुम्ही म्हणालात, त्यांचा कंद बाजारी, संकराचा. ते म्हणाले, तुमचा. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, आणि दोघांचे कंद आपापल्या गच्चीवर शुद्ध रक्ताचे. तुम्ही तर तुमच्या कुंडीला ‘राणीसाहेब’ म्हणू लागलात. (त्यांच्या कुंडीला तुम्ही जे म्हणता, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

मला त्यात काय कळतं म्हणा! मी शाळेत मुलांना विभक्ती शिकवणारा माणूस. माझ्या लेखी कंद म्हणजे कांदा, आणि तुम्हीच एकदा मान्य केलं होतं की आपला स्वयंपाकघरातला कांदा हा राणीसाहेबांचा दूरचा चुलतभाऊ लागतो. पावसाळी लिली, नागदवणा, बाजारातली ती भोंग्यासारखी लाल फुलं, सगळी एकाच कुळातली. मग त्या कुळातल्या भाजीत पडणाऱ्या माणसाला टोपली आणि न पडणाऱ्या बाईला संगमरवरी खड्यांची कुंडी, हा भेदभाव मला कधी पटला नाही. (भाजीत पडली तर खाणारा आडवा होतो, असं तुम्ही म्हणाला होता. राजघराण्यांचं हे लक्षण मला मान्य आहे.)

पण तुमचं तिकीट निघालं त्याच आठवड्यात राणीसाहेबांनी मातीतून दांडा वर काढला. इतर लिल्या कुंडी भरून पिल्लं देतात. या बाईसाहेब एकही देत नाहीत. फूल येतं तेही काही वर्षांतून एकदा, आणि बी आजवर एकदाही धरलेलं नाही. रिक्षात बसताना तुम्ही म्हणालात, “या खेपेला बी धरलं नाही, तर पुढच्या फुलापर्यंत मी हा जिना चढेन की नाही कोण जाणे.” भाऊजी, तुमच्या तोंडून टोमणा नसलेलं वाक्य मी प्रथमच ऐकलं. शाळेला सुट्टी होतीच. तेवढ्यासाठी मी गच्चीवर खुर्ची टाकली.

तुमची आज्ञा स्पष्ट होती. फुलाला कागदाची टोपी घालायची, देठाशी पांढऱ्या दोऱ्याने बांधायची, ओव्हरसियरवर नजर ठेवायची, कारण तो पराग चोरतो. आणि फुलाला हात लावायचा नाही. ही शेवटची आज्ञा ऐकतानाच माझे कान टवकारायला हवे होते. दर फुलाला तुम्ही रंगवायचा बारीक ब्रश घेऊन राणीसाहेबांचा पराग राणीसाहेबांनाच लावत बसता, आणि या खेपेला काहीच करायचं नाही? पण त्या वेळी मला वाटलं, माझ्या हाताचा भरवसा नसेल. माणूस स्वतःला कमी लेखतो आणि तिथेच फसतो.

पहिल्या दिवशी गच्चीवर जाऊन बघतो तर भिंतीपलीकडे ओव्हरसियर आधीच खुर्ची टाकून बसलेले. त्यांच्याही कुंडीत दांडा, फुलावर कागदाची टोपी. हातात वर्तमानपत्र. ते पान उलटत नव्हते. मी त्यांच्याकडे बघतोय, ते माझ्याकडे बघतायत, आणि मध्ये दोन फुलं टोप्या घालून परीक्षेला बसल्यासारखी.

“काय मास्तर, काय म्हणतोय तुमचा कांदा?”

“कांदा तुमच्या बाजूला असेल,” मी म्हटलं. “इकडे कंद आहे.”

“तुमच्या भाऊजींनी बसवलंय वाटतं राखणीला? बुजगावण्याला अंगरखा तरी देतात.”

माणूस तुम्ही सांगितलात तसाच निघाला. मी न्यायशास्त्राचा विद्यार्थी. धूर दिसला की विस्तव आहे असं समजायचं, एवढं आम्हाला पक्कं शिकवलेलं. आणि धूर तर चहूबाजूंनी निघत होता. ओव्हरसियर दुपारी मला हटकून बोलण्यात गुंतवायचे: शाळेची इमारत कधी बांधली, पाया किती खोल, संस्कृतात सिमेंटला काय म्हणतात. मी उत्तर द्यायला भिंतीपाशी गेलो की राणीसाहेबांकडे माझी पाठ व्हायची. हे माझ्या ताबडतोब लक्षात आलं आणि मी सावध झालो. (सावध होऊन पुन्हा भिंतीपाशी गेलो, कारण सिमेंटला संस्कृतात काय म्हणतात हा प्रश्न मलाही सोडवेना.)

आणि मग टोपीचा दोरा बदलला. मी बांधला होता पांढरा; एका संध्याकाळी पाहतो तर निळी लोकर. टोपी उचलून बघितलं, तर सहाही केसरांवरची पिवळी भुकटी साफ गेलेली, परकर झाडून लख्ख करावा तशी. चोरी! मी घरातच तपास सुरू केला. दूधवाल्याला विचारलं; तो म्हणाला, मी दारापर्यंतच येतो, तिथेही तुमची बहीण दुधात बोट घालून बघते. झाडूवालीने उलट माझ्याकडेच अशा नजरेने पाहिलं की मी माफी मागितली. ताईचं काही विचारायलाच नको, असं मला वाटलं. आणि इथेच मी पुन्हा फसलो.

कारण ताईचं वागणंही ठीक नव्हतं. तुमचा फोन आला की ती पूर्वी दिवाणखान्यात, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. आता ती फोन घेऊन स्वयंपाकघरात जाऊ लागली. मी आत डोकावलो की म्हणायची, “हो, हो, कोथिंबीर महाग झालीय.” भाऊजी, लेकीच्या गावाला बसून तुम्ही रोज कोथिंबिरीचा भाव कशाला विचाराल? शिवाय गच्चीच्या भिंतीवरून शेजारच्या काकूंबरोबर, म्हणजे ओव्हरसियरांच्या मंडळींबरोबर, तिची साखरेच्या वाटीची देवघेव चालली होती. वाटी जाते, वाटी येते. आपल्या घरात साखर कोण खातं? तुम्हाला बंदी, ताईला आवडत नाही, मी बिनसाखरेचा चहा पितो हे तिला ठाऊक आहे. एवढी साखर जात कुठे होती?

दुसऱ्या दिवशी मी ओव्हरसियरना भिंतीपाशी गाठलं. सभ्य शब्दांत, पण आवाज चढवून म्हटलं, “आमच्या फुलाचा पराग कुणी झाडला, ते सांगा.”

ते खुर्चीतून उठले. मला वाटलं, गुन्हेगार पळणार. ते भिंतीला येऊन भिडले. “तुमचा? मास्तर, आमचा कुणी झाडला ते आधी सांगा! कालपासून मी गप्प बसलोय, तुमची सुट्टी खराब नको म्हणून!”

त्यांनी टोपी उचलून दाखवली. त्यांचेही केसर बोडके. त्यांच्याही टोपीचा दोरा निळ्या लोकरीचा. मग बारकाईने पाहिलं तर त्यांच्या फुलाच्या मधल्या चिकट टोकावर पिवळी भुकटी बसलेली. मी धावत इकडे आलो; राणीसाहेबांच्याही. म्हणजे हा चोर असा की एका घरातलं नेऊन दुसऱ्या घरात ठेवतो आणि जाताना दार लोकरीने बांधून जातो. आम्ही दोघं पहारेकरी एकमेकांकडे पाहत उभे. तेवढ्यात जिन्यातून ताई आली, हातात वाटी. पलीकडच्या जिन्यातून काकू आल्या, हातात निळ्या लोकरीचं विणकाम. दोघी थबकल्या.

“ताई,” मी म्हटलं, “वाटी दाखव.”

“साखर आहे. तुला काय, मुंगी चावली?”

वाटीत साखर होती. साखरेवर काडेपेटी होती. काडेपेटीत कापूस गुंडाळलेली काडी होती, टोकाला पिवळी.

ताईने वाटी भिंतीवर ठेवली आणि पदर खोचला, त्यावरून मी ओळखलं की आता आपली खैर नाही. “माझ्याकडे काय बघतोस? तुझ्या भाऊजींना विचार! याचा पराग यालाच चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो, हे कुठल्याशा संमेलनात ऐकून आल्यापासून त्यांना झोप नाही. जाताना मला सांगितलं, तू शेजारच्या फुलाचा गुपचूप काढून आण, मास्तर त्याला बोलण्यात गुंतवेल. मला चोरी जमत नाही. मी काकूंकडे मागितला. त्यांनी दिला.”

“आणि आमच्या यांचंही तेच,” काकू शांतपणे टाके मोजत म्हणाल्या. “मला म्हणाले, मी मास्तरांना भिंतीपाशी बोलावतो, तू मागून जा. या वयात मी भिंत ओलांडू? मीही मागितला. शेवटी चोरायला सांगणाऱ्यांना आमचं मागणं कळू नये म्हणून वाटी लागली.”

ओव्हरसियरनी वर्तमानपत्र उघडलं. ते उलटं होतं.

तर भाऊजी, तपास पूर्ण. मी पहारेकरी नव्हतोच. मी पडदा होतो. आणि ज्या फुलाला तुम्ही इतकी वर्षं बाजारी, संकराचं म्हणत आलात, त्याच घराण्यातलं स्थळ तुम्ही राणीसाहेबांसाठी मनातल्या मनात केव्हाच पसंत केलं होतंत. तिकडेही मुलगी पाहण्याचा कार्यक्रम तसाच चोरून झालेला. चोरायला निघालात याचा अर्थ एकच होतो, आणि तो तुम्ही दोघांनीही तोंडाने कधी उच्चारलेला नाही. माझ्या शास्त्रात याला म्हणतात, न बोलता दिलेली कबुली.

प्रकृतीला जपावं. जिना बघून चढावा. लोभ आहेच, संशय तेवढा थोडा कमी करावा, ही विनंती.

आपला मेहुणा (पडदा)

ता. क. ओव्हरसियरनी मला निक्षून सांगितलं आहे, की यातलं काहीही तुमच्या भाऊजींना कळवू नका. तेव्हा वरचं सगळं न वाचल्यासारखं करावं.

ता. क. पत्र ताईने वाचलं. ती म्हणते, मी पदर खोचला नव्हता, हात पुसले होते. दुरुस्ती करावी.

ता. क. मूळ सांगायचं ते राहिलंच. दोन्ही फुलं गळाली. दोन्ही दांड्यांवर बोंडं धरली आहेत, हिरवी, टपोरी. ओव्हरसियर रोज सकाळी येऊन आमचं बोंड बघून जातात (आता भिंतीवरून नाही, दारातून येतात) आणि स्वतःच्या बोंडाइतकंच त्याच्याकडे टक लावून बघतात. काल त्यांना म्हटलं, बी पिकल्यावर लगेच पेरावं लागतं म्हणे, तुम्ही पेरून घ्या. ते म्हणाले, “त्याच्याशिवाय नाही.” मग जिन्याकडे बघून म्हणाले, “मास्तर, त्याला जिना जमेल ना? मी खाली येईन हात द्यायला. माझेही गुडघे गेलेत, पण दोघांचे मिळून एक माणूस चढेल.” तेव्हा बोंडं तडकायच्या आत या. गच्चीवर तुमची खुर्ची मांडलेली आहे. कुणी मांडली ते विचारू नका.

ता. क. शेवटचा. एक कुंडी मी बाजारातून आणून ठेवली आहे. लहानच आहे. त्या कुळाबद्दल मी वर जे काही लिहिलं, ते कांद्यापुरतंच समजावं. रोपं उगवली तर एखादं इकडे यावं, एवढंच मागणं. कुंडी अजून रिकामी आहे, संशय नसावा. अजून काही उचललेलं नाही.