अ‍ॅपने दाखवलेलं शून्य

९ फेब्रु., सोमवार
सकाळीच पिंपळगावहून सुनंदाताईंचा फोन. त्यांच्या कोल्ड स्टोरेजचं तापमान आमच्या अ‍ॅपवर दिसतं. काल दुपारी लाइट गेली, जनरेटर लागला नाही, सेन्सरही बंद. परदेशी जाणारी द्राक्षं मऊ पडली. "मोबाईलवर तर शून्यच दिसत होतं. म्हणून मी उठून पाह्यलंच नाय."
ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१० फेब्रु.
सापडलं. सेन्सरशी संपर्क तुटला की आमचा कोड ती चूक गिळतो आणि शून्य परत करतो. द्राक्षांसाठी शून्य म्हणजे सगळं ठीक!
निखिल सर, आमचे टीम लीड: "तिथे एक इफ, एवढी एकच अट, टाक आणि संपव."
चुका गिळणारा कोड ठिकठिकाणी आहे. एक इफ टाकून भागणार नाही. टाकणार नाही.

१२ फेब्रु.
कोड फंक्शनल पद्धतीने, छोट्या फंक्शनांचे तुकडे जोडत, पुन्हा लिहायला घेतला. प्रत्येक फंक्शन आता दोनातलं एकच देणार: आकडा, नाहीतर चूक, कारणासकट. चूक आली तर काय करायचं हे लिहिल्याशिवाय आकडा हातातच येत नाही, कोड तपासणारा कंपायलर अडवतो. सेन्सर वाचणं, आकडा तपासणं, स्क्रीनवर दाखवणं, अशी साखळी. मध्ये तुटलं तर पुढचं सगळं वगळून चूक तशीच स्क्रीनपर्यंत.
दिवसभर कोडखाली कंपायलरच्या लाल रेघा. शेजारी बसणारा प्रसाद म्हणाला, "चालू अ‍ॅप मोडलंस की तू."
मोडलेलंच होतं. आता दिसतंय, एवढंच.

१८ फेब्रु.
दिंडोरीच्या नव्या गिऱ्हाइकासमोर डेमो. नेमका सेन्सरशी संपर्क तुटला. स्क्रीनवर ठळक: तापमान कळत नाही, खोलीत जाऊन बघा.
"मीच बघायचं तर अ‍ॅप कशाला?"
म्हटलं, "माहीत नसताना ते खोटं सांगणार नाही, म्हणून."
कळवतो म्हणाले. हातचं गिऱ्हाईक गेलं बहुतेक. सर माझ्याशी बोलले नाहीत.

१९ फेब्रु.
बोलले. "उद्याच्या रिलीजला, नव्या आवृत्तीत, जुनाच कोड लाव. लोकांना चुका दाखवायच्या नसतात."
मी लावणार नाही म्हटलं.
"हट्टीपणा करतेस."
हो, करते.
आई म्हणते, नाशकात अशी नोकरी परत मिळायची नाही. खरंय तिचं. तरी...
सुनंदाताईंना फोन करून सांगितलं, शून्य आमच्या कोडमुळे दिसलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच पाहायचं चुकलं."
नाही ताई.

२० फेब्रु.
सरांचा निरोप: दुपारपर्यंत कोड मागे घे, नाहीतर प्रसाद जुना लावून रिलीज करेल. मागे घेतलेला नाही.
प्रसाद जुना लावण्याआधी माझा कोड वाचत बसलाय. मघाशी विचारलं त्याने, "ही चूक इथे सोडून दिली तर?"
"सोडून बघ."
त्याने बघितलं. कंपायलरने अडवलं. खुर्ची पुढे ओढली. दुपार टळली, सर दोनदा दारात येऊन गेले. तो अजून वाचतोय.